अकरा कोरडी पानं

प्रिय बाबा,

पत्र घरी न येता वाचनालयाच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नका. घरचं टपाल आई आधी फोडते आणि मग तुम्हाला वाचून दाखवते, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. ग्रंथपालांना बजावलंय की फक्त तुमच्या हातात द्या. एकट्याने बसून वाचा. मी ठीक आहे, वेळेवर जेवते, झोपतेही. खरं म्हणजे झोपत नाही, पण ते पुढे येईलच.

इतिहासाच्या एम.ए.ला अर्ज करणार हे तुम्हाला सांगितलंच होतं. रसायनशास्त्र शिकलेली, सहा वर्षं नगरपालिकेच्या तुमच्याच प्रयोगशाळेत पाणी तपासणारी तुमची लेक आता मेलेल्यांच्या चौकशा करणार, म्हणून तुम्ही पोट धरून हसलात. विभागात विचारायला गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, दुसऱ्या विषयाचे लोक आम्ही घेतो, पण त्यांनी मूळ कागदपत्रांवरून एक निबंध लिहायचा आणि मग तिघांसमोर मुलाखत द्यायची. मला ना सनावळ्या पाठ, ना त्या विषयातले मोठमोठे शब्द. मी फोनवर रडगाणं गायले, तेव्हा तुम्हीच म्हणालात, ठमे, प्रयोगशाळेतल्या त्या लोखंडी कपाटात माझ्या तीस वर्षांच्या नोंदवह्या धूळ खात पडल्यात, त्या कोण वाचणार?

वाचल्या. आणि काय मजा आली म्हणून सांगू. कुठल्या गल्लीत, कुठल्या नळाला, किती क्लोरीन, सगळं तुमच्या त्या तिरप्या अक्षरात. तुम्ही नळापाशी उभं राहून ओल्या हातांनीच लिहायचात, त्यामुळे पानोपानी शाई फुटलेली, कोपऱ्यांवर बोटांचे ठसे. एका ठिकाणी आकड्याऐवजी नुसतं 'नळाजवळ कुत्रं, उद्या पुन्हा' असं लिहिलंय. मी एकटीच हसत बसले. माझा निबंध त्या डागांवरच उभा राहिला. डाग असला तर नोंद जागेवर लिहिलेली, नसला तर शंका घ्यायची. एवढी अक्कल आपल्याला सुचली म्हणून मी स्वतःवर खूश होते.

मग ती अकरा पानं आली. सलग अकरा दिवस, रविवार धरून, प्रत्येक नळाला पॉइंट चार. एकच पेन, एकच शाई, डाग एकही नाही. कोरडी ठणठणीत पानं. पहिली तारीख बघितली, वही मिटली आणि पुन्हा उघडून बघितली. ती माझ्या जन्माची तारीख होती.

आई ती गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगते. मी सातव्या महिन्यात आले, मुठीएवढी, काचेच्या पेटीत ठेवलेली, आणि तुम्ही अकरा दिवस पेटीसमोरच्या बाकावरून हलला नाहीत. ऐकताना दर वेळी मला वाटायचं, असा बाप कुणाला मिळतो. त्याच कपाटात तक्रारींची वही आहे. बाराव्या दिवसाची नोंद खालच्या वस्तीची. उलट्या-जुलाबांनी सात मुलं दवाखान्यात. सहा घरी आली. सातवी शिंप्याची मुलगी, साडेतीन वर्षांची. तिच्यापुढे एक तारीख लिहिलीय, बस.

पाण्यात क्लोरीन नव्हतं असं मी म्हणत नाही. असेलही. कारण दुसरंच काही असेल. कुणी पाहिलंच नाही, एवढंच नक्की आहे, आणि हे लिहिताना मला तुमची भीती वाटते. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, साधा आवाजही चढवला नाहीत, तरी वाटते. त्या पानांशिवायचा निबंध मी लिहून बघितला. चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू. पण शिंप्याच्या मुलीला पुन्हा एकदा गाळायचं, तेही माझ्या हाताने, हे काही केल्या जमेना.

तेव्हा बाबा, मी परवानगी मागत नाही, कळवते आहे. काल दुपारी निबंध देऊन आले, अकरा पानांसकट. तुमचं नाव घातलेलं नाही, पण वहीवर तुमची सही आहे आणि अर्जावर माझं आडनाव. गुरुवारी मुलाखतीत कुणीतरी विचारणारच, हा तपासनीस कोण, आणि त्या दिवसांत तो होता कुठे. कुठे होता ते मी सांगू शकते. त्याला त्या मुलीचं कळलं होतं का, हे फक्त तुम्ही सांगू शकता. ते कपाट तुम्ही ही पानं विसरून दाखवलंत की आठवून, हेही. बुधवारी संध्याकाळी येते आहे. आईला यातलं काही बोललेले नाही. तुम्ही रागवा, गप्प बसा, मला काय वाटेल ते म्हणा. दार तेवढं तुम्ही उघडा.

तुमचीच,
ठमी