मुका झालेला ब्रेक

नाशिक, आश्विन शु. २, शके १८५८

रा. रा. वाल्मीकराव दाजींस खंडेरावाचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

सिंधूला बाळंतपणासाठी दसऱ्याला कांद्याच्या लॉरीतून तुम्ही स्वतः आणणार, हे वाचून आई सुखावली. मी नाही. श्रावणात तुमच्याशेजारी बसून भावडबारीचा घाट उतरलो, तेव्हा ब्रेक किंचाळत होता. भद्रकालीतल्या शफी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, ब्रेकचा पट्टा झिजला की त्याचे खिळे चाकातल्या ड्रमला घासतात, त्याची ती ओरड. चाक उघडा. खिळ्यांवर ढबू पैशाच्या जाडीएवढाही पट्टा उरला नसेल, तर बदला. स्वराज्याच्या सभेत मी लोकांना थांबू नका म्हणतो. तुम्हाला मात्र थांबता यावं, एवढंच मागतो.

लोभ आहेच, तो घाटातही शाबूत राहो.
खंडेराव

सटाणा, आश्विन शु. ६

रा. रा. खंडेरावांस वाल्मीकचा नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र सिंधूने मोठ्याने वाचलं, तर शेजारच्या भागीबाई सभा कुठे आहे म्हणून विचारत आल्या. काळजी सोडा, ओरड बंद झाली. खंडेनवमीसाठी आई घरातलं सगळं लोखंड तेलाने पुसते. चाकं कुरकुरतात म्हणून तिने त्यांच्या फटीतून वाटीभर तेल सोडलं. आता लॉरी गाईसारखी मुकाट चालते. उतारावर पाय जरा जास्त दाबावा लागतो, इतकंच. हत्यारं पूजेसाठी घासून ठेवली आहेत. ती आता दसऱ्यापर्यंत उचलायची नाहीत.

भेटीपर्यंत राग बेताचाच असावा.
वाल्मीक

नाशिक, आश्विन शु. ८

दाजी, नमस्कार नंतर.

तेलाने ब्रेक बरा होत नाही, मुका होतो. तेल प्यालेला पट्टा ड्रमला धरत नाही, म्हणून तर पाय जास्त दाबावा लागतो. मागे कांद्याचं ओझं, पुढे उतार, शेजारी दिवस भरत आलेली माझी बहीण, आणि चाक उघडायचा पान्हा पूजेसाठी पाटावर. पूजा मोडा असं मी म्हणत नाही. पण ज्या कामासाठी हत्यार पुजायचं, तेच काम त्याला नाकारणं हा त्याचा मान की अपमान? तुमच्या आईंनाच विचारा. नवे पट्टे या पत्रासोबतच मोटारवाल्या खलीलबरोबर धाडले आहेत. चाक न उघडता निघालात तर रस्त्यात आडवा पडेन. तेव्हा तरी थांबाल, की तेही जमणार नाही?

काळजीने जागा,
खंडेराव

सटाणा, विजयादशमी

ती. दादास सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच: चाकं उघडली, पट्टे बदलले. खलीलभाई काल पोचले तेव्हा पूजा झालेली होती. हे पाटाकडे बघत नुसते उभे. तुझं पत्र ऐकून सासूबाई उठल्या. पान्ह्यावरचं फूल काढून तो यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, तेल मी घातलं, देवीने विचारलं तर माझं नाव सांग.

पट्टे तेलाने चिंब, खिळे आरशासारखे चकचकीत, ड्रमवर नख बसेल एवढी चर. यांनी चरीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, दादांना लिही, रस्त्यात पडू नका.

ड्रम पेट्रोलने धुऊन नवे पट्टे बसवले. आज हे एकटेच भावडबारी उतरून आले. पाय टेकताच लॉरी थांबते म्हणतात. ड्रमवरची चर तासायला लॉरी शफी मिस्त्रींकडेच द्यायची आहे आणि तोवर ओझं नको, म्हणून कांदे इथेच ठेवून रिकाम्या लॉरीने उद्या निघतो. हे पत्र मात्र आजच खलीलभाईंबरोबर पुढे धाडते. सासूबाईंचा निरोप: पुढच्या वर्षीही पान्हा पुजीन, पण चाक आधी उघडून.

तुझी माया अशीच मोठ्या आवाजाची असू दे. तिला इथे कुणी तेल घालणार नाही.
तुझी सिंधू