पुसलेलं तोंड

३ फेब्रुवारी, जव्हार

पोचलो बुवा एकदाचा! निघताना उज्ज्वला म्हणाली होती, चार दिवसांत कंटाळून नाशिकला परत येशील. बाईसाहेब, आधी इथली हवा खाऊन बघा, मग बोला. शिरपामाळच्या रस्त्याला दोन खोल्यांचं घर मिळालंय. पुढे ओटा, मागे मोहाचं झाड, आणि मोबाइलला चक्क रेंज. माझ्यासारख्याला आणखी काय लागतं? मी फोटो वाटून पोट भरतो. ‘डोळे भरून’ हे माझं फेसबुकवरचं पान. जुना इतिहास, विमानं, जंगलं, प्राणी. रोज फोटो टाकायचे आणि खाली चार ओळी लिहायच्या. सासरे याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. म्हणोत बापडे, पण पान बघणाऱ्या माझ्या शेळ्या आठ लाखांच्या वर गेल्यात!

टीनाच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं की दोघी इकडे येतील. पोरगी सहा वर्षांची, पण संध्याकाळी बाबाशी फोनवर बोलल्याशिवाय घास गिळत नाही. मीही तसाच. तिला सोडून राहायची ही पहिलीच खेप.

७ फेब्रुवारी

आज घबाड हाती लागलं. जगन नावाचा जीपवाला ओळखीचा झालाय, जव्हार-मोखाडा फेऱ्या मारतो. त्याच्याबरोबर सूर्यमाळला गेलो होतो. वाटेत पळस नुसता पेटलाय. तिथल्या एका पाड्यावर त्याची आत्या माघी राहते. पाणी प्यायला तिच्या घरात शिरलो आणि कुडाच्या भिंतीवरचा फोटो पाहून पाणी प्यायचंच विसरलो.

माळावर उतरलेलं हेलिकॉप्टर! पाणीटंचाई पाहायला कुणी पुढारी आला होता म्हणे, फार वर्षांपूर्वी. हेलिकॉप्टरसमोर सगळा पाडा उभा. बायकांचे पदर उडताहेत, एक कोंबडी जीव घेऊन पळतेय. इतिहास, विमान आणि डोंगर, तिन्ही एकाच चौकटीत. फक्त कडेला उभ्या असलेल्या माणसाचं तोंड कुणीतरी खिळ्यानं खरवडून पांढरं केलेलं. जगन म्हणाला, तो माझा काका तुका, आत्याचा धाकटा भाऊ. एवढं सांगून तो जीपकडे गेला.

माघी सुपात नागली पाखडत होती. फोटोचा फोटो काढू का, विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “काढा. पन हाये तसाच ऱ्हाऊ द्या. त्याच्या तोंडाला हात नका लावू.” मी मान डोलावली.

९ फेब्रुवारी

फोटो टाकला, आणि नुसता वणवा! दुपारपर्यंत शेकडो पानांनी उचलला.

आता खरं ते लिहितो. पान चालवणाऱ्यांना एक खोड असते. ओरखडा दिसला की आमचे हात शिवशिवतात. फाटका फोटो टाकला की लोक शिव्या घालतात, म्हणून टाकण्याआधी सगळंच धुऊनपुसून घ्यायचं. मी फोटो नेहमीच्या ॲपमध्ये घातला, रंग भरले. पांढऱ्या डागापाशी ॲपनं विचारलं, इथे चेहरा बसवायचा का, तुमच्या फोटोंमधून घेऊ का? चहा उतू जात होता. हो म्हणून टाकलं. परत येऊन बघतो तर तुकाला नाक, डोळे, मिशी, सगळं फुटलेलं. झकास!

म्हातारीचा शब्द मोडला खरा. पण ती थोडीच फेसबुक बघायला येतेय.

११ फेब्रुवारी

उज्ज्वला फोनवर हसत सुटली. म्हणाली, कडेचा तो माणूस म्हणजे तूच आहेस की रे! मोठा करून पाहिला. माझेच डोळे, माझीच मिशी, लहानपणी पडलो तेव्हाचा हनुवटीवरचा व्रणसुद्धा. टीना रुसली, बाबा मला न घेता हेलिकॉप्टर बघायला गेलाच कसा. तिची समजूत काढताना दमछाक झाली.

चहावाला उमेश म्हणाला, साहेब, सकाळी मोखाड्याच्या रस्त्यानं अनवाणी कुठे निघाला होता? हाक मारली तर ओ दिली नाही. सकाळी मी अंथरुणात होतो. त्याला म्हटलं, बाबा रे, चष्मा लावून घे. तोही हसला.

१३ फेब्रुवारी

फोन माझा चेहरा ओळखेना. काच पुसली, उजेडात गेलो, तरी तेच. आकडे दाबून उघडावा लागतो. फोन जुना झालाय, दुसरं काय.

दुपारी जगन आला तो ओट्यावरूनच ओरडत. कुणीतरी त्याला फोटो पाठवला होता. इतका शांत माणूस, पण माझा दंडच धरला. म्हणाला, बसा गाडीत, आत्याकडं चला. मला राग आला. एका फोटोपायी एवढा कांगावा कशाला? तरी गेलो.

माघीनं माझ्याकडे पाहिलं नाही. नुसती बोलत राहिली. तुका मध काढायला जंगलात गेला तो परतला नाही. पाड्यानं डोंगर पालथा घातला, हाडसुद्धा मिळालं नाही. पावसाळा सरला आणि एका दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. आईनं त्याला आत घेतलं. तो जेवला, पोरांना मांडीवर घेतलं. “पन तो तुका नव्हता,” माघी म्हणाली. तो घरात असताना पहिली आई गेली. मग तुकाचा लेक, त्याच्याच मांडीवर.

त्यांच्या पाड्याची रीत आहे, असा कुणी परत आला की त्याचं तोंड पुसायचं. तुकाचा एवढा एकच फोटो होता. माघीनंच खिळा घेतला. तोंड गेलं तसा तो उठून निघून गेला, त्याची वाट हरवली, आणि पुन्हा तो आला नाही.

मग तिनं माझ्या गालांवरून हात फिरवले, आंधळं माणूस फिरवतं तसे. म्हणाली, “आमी पुसला व्हता. तुमी परत काढला. आता त्याला तोंड हाये. अन् तोंड ज्याचं, घर त्याचं.”

मी विचारलं, म्हणजे तो माझ्याकडे येईल?

ती म्हणाली, तुमच्याकडं कशाला? तुमच्या घरी जायल.

१५ फेब्रुवारी

फोटो काढून टाकला. काय उपयोग? तोवर सगळीकडे गेला होता. त्या-त्या पानांना विनवण्या केल्या, पाया पडतो म्हटलं. हसणारी तोंडं पाठवली लोकांनी. अति तिथे माती म्हणतात, ती माझ्याच हातानं घातली.

उज्ज्वलाला म्हटलं, माहेरी जा. कारण सांगता येईना. ती चिडली.

उमेशनं चहा दिला आणि विचारलं, पाहुणे कुठले? मस्करी असेल म्हणून वर पाहिलं. मस्करी नव्हती. तो माझ्याकडे फार वेळ बघू शकला नाही.

हनुवटीवरचा व्रण बोटांना लागत नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळ

जगनचा फोन. मोखाडा स्टँडवर त्यानं मला पाहिलं, नाशिकच्या गाडीत चढताना. हाक मारायची त्याची छाती झाली नाही.

मी तर जव्हारलाच आहे.

उज्ज्वला फोन उचलत नाही. उचल ना गं—

१६ फेब्रुवारी, गाडीत

शेजारची बाई उठून मागे गेली. कंडक्टरनं पैसे घेतले, मान खालीच. खिडकीच्या काचेत बघायचा धीर होत नाही.

त्र्यंबक गेलं. फोन लागला! उज्ज्वला म्हणाली, कोण? मी म्हटलं, मी आहे, कुणाला आत घेऊ नकोस, टीनाला घेऊन शेजारी जा. ती हसली. म्हणाली, अरे, तू तर इथे बसलायस. जेवलास, पोरगी मांडीवर आहे तुझ्या. तुझा हा फोन कुणाकडे— मग म्हणाली, थांब, तो फोन मागतोय.

फोन बंद झाला.

ड्रायव्हर, हाण ना रे गाडी, पाया पडतो तुझ्या—

१६ फेब्रुवारी, जिना

घरी आलोय. ऊन आहे अजून. बेल वाजवली, दार ठोठावलं. टीनाचं नाव घेऊन ओरडलो. तोंडातून नुसता वारा आला.

लिहून दाराखालून सरकवतो. उज्ज्वला अक्षर ओळखेल. उज्ज्वला, मी बाहेर आहे, आत जो आहे तो—

स्टूल ओढल्याचा आवाज. टीना दाराच्या भिंगातून बघतेय. सोन्या, मी—

ती किंचाळली. म्हणते, बाबा, बाहेर कुणीतरी आहे, त्याला तोंडच नाही—

आतून माझाच आवाज आला. किती मायेनं बोलतो. “घाबरू नकोस राणी, ये, मला घट्ट धर.”

ती रडायची थांबली.

टीना, नको, त्याला हात लावू न—