भावजींसमोरची खुर्ची

माय, मी थोरल्या भावजींसमोर खुर्चीवर बसले. डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, पण बसले. लग्नाच्या पहिल्या वर्षी तू उमरीहून मला भेटायला आली होतीस. मी त्यांच्यासमोर बाजेवर टेकलेली दिसले आणि तू मला ओढत चुलीपाशी नेलंस. "मोठ्या माणसापुढं भुईला बसावं. माझं नाक कापू नको," म्हणालीस. तेव्हापासून मी भुईलाच. सासरे गेले, धनी गेले, तूही गेलीस त्याला जमाना झाला, केस पांढरे झाले, तरी भुई काही सुटली नाही.

आता आमच्या उदगीरला दर रविवारी दुपारी शाळेच्या खोलीत म्हाताऱ्यांचा वर्ग भरतो. ज्याला जे येतं ते तो फुकट शिकवतो. दवाखान्यातून निवृत्त झालेले एक कंपाउंडर शरीर कसं चालतं ते शिकवायलेत. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अक्षरं पोरांच्या पाटीवरून उचललेली. मला रविवार म्हणजे सणच. पण खुर्च्यांवर पुरुष, आणि आम्ही बायका मागं भिंतीशी सतरंजीवर, कारण प्रत्येकीचा कोणी ना कोणी दीर नाहीतर चुलतसासरा पुढं बसलेला. दोघी तर गुडघ्यांपायी यायच्याच बंद झाल्या. माझंही येणं आज-उद्या सुटणार, हे दिसतच होतं. त्या दिवशी फळ्यावर हृदयाचं चित्र काढलेलं, आणि मला दिसते नुसती भावजींची पाठ. मी भिंतीला हात देत उठले, कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी मांडली. बसले.

"आमच्या घरच्या बायकांना लाज न्हाई उरली म्हणा की," भावजी फळ्याकडं बघतच बोलले.

"लाज लई हाय, भावजी. गुडघे न्हाई उरले."

मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग बायकांनी खुर्च्या ओढल्याचा आवाज थांबेचना. भावजी उठून गेले. पुढच्या रविवारी आल्या त्या थोरल्या जाऊबाई, आणि सरळ भावजींच्याच खुर्चीवर टेकल्या. "भाकरी झाकून आलेय," म्हणाल्या. "कुठवर आलं तुमचं काळीज?"

गल्लीत बोलतात, हिच्या गोवऱ्या मसणात गेल्या आणि हिला शिकायचं सुचतंय. जाऊ देत गोवऱ्या पुढं. मी सावकाश येईन, रक्त कुठून कुठं वाहतं ते समजून घेऊन येईन.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? राहू दे उशाखाली. एक मात्र तुलाच सांगते. त्या दिवशी दारातून तू आत आली असतीस ना, तर मी चटकन भुईला बसले असते.