पितळी टोपीखालचा सेंटिमीटर

नारीन,
१७ मे १९९८

प्रिय आईस,

जिपारचा प्रेमपूर्वक सलाम. तू पाठवलेले वाळवलेल्या दह्याचे गोळे मिळाले. वसतिगृहातील मुलींनी दोन दिवसांत त्यांचा फडशा पाडला. माझी प्रकृती उत्तम आहे. मेंढ्यांची कातरणी आटोपली का? कुरणावर निघण्यासाठी मी केव्हा येणार, असे तू विचारले आहेस. त्याविषयी शेवटी लिहिते.

आधी एक गंमत. प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग होता. दोरीला टांगलेल्या गोळ्याचे हेलकावे मोजायचे आणि त्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोराने ओढते, ते काढायचे. इथे उत्तर ९.८०च्या आसपास यायला हवे. माझे ९.९० आले. मी तीस वेळा मोजले. तीसही वेळा तेच.

माझ्या जोडीचा एलदियार म्हणाला, "अगं बाई, पुस्तकातला आकडा लिही अन् चल चहाला! पृथ्वी काय तक्रार करायला येणारे?"

तो आकडा माझ्या हातून वहीत उतरेना. ओरोझोवा बाईंनी वही चाळली. "हात अगदी स्थिर आहे गं तुझा. म्हणजे तू फार काळजीपूर्वक चुकतेयस, जिपार!" वर्ग हसला. मी मान वर केली नाही.

आई, तुला हे कळवणार नव्हते, पण त्या दिवशी शिक्षण सोडून कायमचे घरी यावे, म्हणून मी पेटी भरायला घेतली होती.

पेटी भरताना तूच आठवलीस. लोकरीच्या नमद्याचे तुकडे कापताना मावशीवर कशी खेकसली होतीस! "सगळेच तुकडे बोटभर आखूड? मग हाताला कशाला बोल लावतेस? मापाची काठी बघ!"

दुसऱ्या दिवशी मी दोरी निम्मी केली. उत्तर थेट १०.००! दोरी जितकी आखूड, तितकी चूक मोठी. म्हणजे मोजताना दर वेळी एक ठरावीक लांबी जास्तीची धरली जात होती. मी मोजपट्टीच्या टोकाची पितळी टोपी ओढून काढली. आत शून्य नव्हतेच. लाकूड एकच्या रेघेपाशी तुटलेले, आणि कोणीतरी ते टोपीखाली झाकलेले.

बाईंनी कपाटातील जुन्या वह्या काढल्या. "अकरा वर्षं हीच पट्टी, आणि अकरा वर्षं सगळ्यांचं उत्तर बरोबर!" हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "एलदियार, तुझं कसं रे आलं ९.८१?"

"बाई, माझा लंबक फार आज्ञाधारक आहे."

मीही मोठ्याने हसले. इतके की मुली वळून पाहू लागल्या.

मग बाई म्हणाल्या, "या सुट्टीत इथलं एकूण एक उपकरण तपासायचंय. तुझ्यासारखी चुकणारी मुलगी हवी मला. राहशील?"

तुझे दुखरे खांदे, दोहनाची वाट पाहणाऱ्या घोड्या, तंबू उभारताना कमी पडणारे दोन हात, सारे डोळ्यांपुढे आले. एकोणीस वर्षांत मी कुरणावरचा एकही उन्हाळा चुकवलेला नाही. 'आईला विचारून सांगते' हे वाक्य ओठांवर तयार होते. आजवर प्रत्येक प्रश्नाला मी तेच उत्तर दिले आहे. परंतु तोंडून निराळेच निघाले.

परवानगी आता मागते आहे. क्रम चुकला, हे जाणते. पोटभर रागाव, पण पत्र लिही.

तुला न विचारता 'हो' म्हणून बसलेली आणि तेव्हापासून हसू न आवरणारी,
तुझीच
जिपार