भेटकलम

४ मार्च
पोचलो एकदाच्या! सामान उतरायच्या आधीच भिंगरी अख्ख्या आवाराला चक्कर मारून आली. सात वर्षांची माझी लेक, जन्मापासून एका जागी टेकली नाही, म्हणून हे नाव. काचघराला लागून दोन खोल्या मिळाल्यात, खिडकीत भरपूर ऊन. आधीचा माळी तब्येतीमुळे गेला, असं मालकीणबाई म्हणाल्या. मी करायचं काय, तर त्यांच्या एका दुरंगी सक्युलंटची बडदास्त. एका झाडापायी अख्खा माणूस! इतके लाड तर जावयाचेही होत नाहीत.

७ मार्च
झाड आहे मात्र देखणं. जाड, गुबगुबीत पानं, निम्मी हिरवी, निम्मी दुधासारखी. भरड वाळूची माती, पाणी अगदी बेताचं, आणि पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड दिसली की ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून टिपायची. ब्रशचं काम भिंगरीने हट्टाने मागून घेतलंय. बाईंना प्रदर्शनात पांढरंशुभ्र झाड न्यायचंय, म्हणून हिरवं दिसलं की छाटायचं, असा हुकूम आहे. मी म्हटलं, थोडं छाटणं ठीक, नाहीतर हिरवं पांढऱ्याला दाबून टाकतं. पण झाडाचं अन्न करतं ते हिरवंच. सगळंच काढलं तर उपाशी मरेल. बाई हसल्या. म्हणाल्या, तुम्ही छाटा हो, ते आपलं बघून घेईल.

१९ मार्च
शेवटचं हिरवं पान आज काढलं. हात धजत नव्हता. पण नोकरी नवी, आणि खरं सांगायचं तर पुढे काय होतं ते मलाही बघायचं होतं. आठवड्याभरात मान टाकणार ते.

२८ मार्च
मान टाकायचं नाव नाही! उलट बुंध्यापाशी नवे फुटवे आलेत, सगळे पांढरे. बाई म्हणाल्या, तुमच्या हाताला गुण आहे. मी फुशारले, खोटं कशाला बोलू.
भिंगरीचं मात्र काही खरं नाही. जेवताना डुलक्या घेते. ओठ पांढरेफटक पडलेत. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. सारखी काचघरात झाडाला टेकून उन्हात बसते. खेळायला जा म्हटलं तर म्हणते, आई, इथेच बरं वाटतं. माझी भिंगरी आणि बसून राहते! मला हे आवडत नाही.

३ एप्रिल
आज तिला उचलून आणायला गेले. हात कुंडीपासून सुटेना. मनगटावर पांढरा फुटवा. वाटलं, चिकटलाय. नाही. जोड आहे. जन्मभर कलमं बांधली मी, धरलेला जोड मला कळत नाही? पांढऱ्या फांदीला जगायला दुसऱ्याचा खुंट लागतो, तिला पोसणारा. तो खुंट माझी पोर झालीय. आणि हिरवं सगळं मीच कापलं, माझ्या हातांनी.
ओढलं. तिचे डोळे फिरले, श्वास थांबला. सोडलं तेव्हा परत आला. बाई दारात उभ्या होत्या. ओढू नका म्हणाल्या, अगदी शांतपणे. आधीच्या माळ्याला मी असंच ओढून काढायला गेले होते, तो तिथेच गेला.

४ एप्रिल
रडून झालं. आता काम. जोड ओढला किंवा नुसता कापला तरी तिचा जीव जाईल, पण खुंट बदलता येतो. भेटकलम करायचं. नवा खुंट शेजारी आणायचा, फांदीची आणि त्याची साल तासायची, दोन्ही जखमा एकमेकींना भिडवून बांधायच्या. धरलं की मग जुन्या खुंटापासून कापायचं.
नवा खुंट मी. डाव्या दंडावर चाकू चालवला, तिच्या मनगटाजवळचा फुटवा त्याला भिडवून बांधला. पट्टीचं टोक भिंगरीने धरलं. आई, घाबरू नको, म्हणाली मला.

९ एप्रिल
धरलंय. दंड गार पडलाय. दुखत नाही. दुखत नाही याचीच भीती वाटते.

१२ एप्रिल
कापलं. भिंगरीचं मनगट मोकळं. केवढ्याने ओरडली! श्वास चालू आहे. माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले. सुटली माझी बाय.

१५ एप्रिल
बाहेर तिच्या पायांचा आवाज येतो — पळतेय. ओठांना रंग आलाय. बहिणीला निरोप गेलाय, उद्या-परवा येऊन पोरीला घेऊन जाईल.
मला भूक नाही. ऊन हवं. बाई येतात, पाणी पाजतात — बेताचं. कोपराच्या खळगीत ब्रश फिरवून जातात.

१७ एप्रिल
नवे फुटवे. खांद्यावर, मानेशी. माझ्या एकटीने भागत नाही त्यांचं —
सकाळी भिंगरीला हाक मारली. का मारली? काचघराच्या दारापर्यंत आली. मी म्हटलं, ये गं, आईजवळ बस जरा. आवाज माझाच, माया माझीच, पण मला म्हणायचंच नव्हतं — कसंबसं ओरडून हाकललं. रडत गेली.

१८
पुन्हा हाक मारली. मी नाही — मीच.
पावलं थांबली बाहेर. कान देऊन उभी आहे. कागद दाराखालून सरकवते. भिंगरी, बाहेरून कडी घाल. मावशी येईपर्यंत आत पाऊल टाकू नकोस. मी रडले, पाणी मागितलं, कितीही गोड बोलले तरी, बाळा, ती मी —