आजीच्या मापाची सुरी

१४-७-९५

चि. योगिनी,

कानशीपासून केलेल्या आपल्या सुरीची मूठ मी काढून टाकली आहे, रुसू नकोस. चूक माझी. कणकेत ठसा घेतला आजीच्या उजव्या हाताचा, आणि आजारपणापासून बिचारी चिरते डाव्यानं! बोलली मात्र नाही. काल भेंडी चिरताना दिसली, तेव्हा कळलं.

बाभळीचा नवा तुकडा आणायला कऱ्हाटीला जातोय. शाळेतून आलीस की कणकेचा गोळा तिच्या डाव्या मुठीत दाबून घे. "कशाला उगा खटाटोप करताय?" म्हणेल, ऐकू नकोस. पात्याला हात लावू नकोस, धार आहे.

मूठ बसली की डाव्यानं चिरायला तिला तूच शिकव. घरात डावखुरी तू एकटीच. त्यावरून तिनं तुला किती टोकलंय! तू मात्र तिला टोकू नकोस.

– आबा