स्पंज चालतो, हे फक्त मला माहीत आहे

३, सोमवार. सकाळी ९.
मत्स्यालयाच्या विभागप्रमुखाची जागा रिकामी. डायरेक्टर मॅडम चौदा तारखेला ठरवणार. बायकोला सांगून टाकलं, जागा आपलीच.

११.३०. सात नंबरच्या टाकीतला पिवळा स्पंज शनिवारी डाव्या कोपऱ्यात होता. आज उजव्या! स्पंज म्हणजे समस्त प्राण्यांचा खापरपणजोबा. ना मेंदू, ना डोळे, ना पाय. मग हलवला कुणी? सफाईवाल्या मावशींना विचारलं. म्हणाल्या, मला माझी कामं थोडी आहेत का? उत्तर संशयास्पद.

४, मंगळवार.
मावशी रजेवर. स्पंज पुन्हा डावीकडे. काचेवर स्केचपेनने खूण केली.

६, गुरुवार.
कोळंबीचे तुकडे टाकले. स्पंज सरकत सरकत तिकडे गेला! अंगावर काटा आला. म्हणजे अक्कल आधी आली, मेंदू नंतर. सगळी पुस्तकं बदलावी लागणार. कुणाला अवाक्षर सांगायचं नाही.

७, शुक्रवार.
शेजारच्या विभागातला चष्मिष्ट आला. म्हणे, टाकी धुताना आमचे खेकडे तुमच्याकडे ठेवले होते, एक कमी भरतोय, बघू का जरा? खेकड्याचं निमित्त! मी काय दुधखुळा आहे? टाकीवर चादर टाकली.

१०, सोमवार.
चष्मिष्ट पुन्हा हजर. म्हणे, ती जात लपण्यात पटाईत असते. म्हटलं, काही माणसंही असतात. बापुडवाणा चेहरा करून गेला. नाटकी.

१२, बुधवार.
स्पंजला 'ये' म्हटलं. आला नाही. स्वाभिमानी आहे.

१३, गुरुवार.
उद्या मॅडमना स्पंज चालवून दाखवणार. भाषण तोंडपाठ. बायकोलाही बोलावलंय. नवऱ्याची किंमत कळू दे एकदाची. चष्मिष्ट उद्यापासून माझ्या हाताखाली. मन मोठं ठेवायचं.

१४, शुक्रवार. संध्याकाळी ७.
चादर काढली. कोळंबी टाकली. स्पंज चालला. मॅडम थक्क. मी म्हटलं, बघा, बिनमेंदूची बुद्धी! बायको काचेला नाक लावून बघत होती. म्हणाली, अहो, याला पाय आहेत.

वाकलो. पाय होते. डोळेही होते. स्पंज आपल्या मापाचा कातरून पाठीवर पांघरून बसलेला खेकडा. मॅडम म्हणाल्या, काय डोकं आहे हो! खेकड्याला म्हणाल्या. चष्मिष्टाने त्याची सगळी माहिती घडाघडा सांगितली. जागा त्याला मिळाली.

घरी येताना बायको हसेल म्हणून वाट बघत होतो. हसली नाही. म्हणाली, भाषण मात्र छान झालं तुमचं. त्याचंच फार वाईट वाटलं.